दोन याद्यांची एक यादी

१ मे २०२५ रोजी महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेस पासष्ट वर्षे पूर्ण होत असताना राज्यात आणखी एक स्थापना झाली. तिची वाजंत्री मात्र फारशी कोणाच्या कानी गेली नाही. नागपूर येथे मुख्यालय असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि छत्रपती संभाजीनगर येथे मुख्यालय असलेली महाराष्ट्र ग्रामीण बँक ह्या दोहोंचे त्या दिवशी एकत्रीकरण झाले आणि साऱ्या राज्यासाठी महाराष्ट्र ग्रामीण बँक ह्या नावाची एकच प्रादेशिक ग्रामीण बँक उरली. 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' ह्या सूत्रानुसार केंद्र सरकारने देशातील २६ ग्रामीण बँकांच्या ११ बँका केल्या, त्यांपैकी ही एक. वीस वर्षांपूर्वी देशात १९६ ग्रामीण बँका होत्या. आज २८ आहेत.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकास ह्यात नवल वाटणार नाही. आपल्या भागातील एखाद्या जुन्या खातेदाराने आपली सर्व पासबुके जपून ठेवली असतील तर त्यांवर त्याला एकाच शाखेची पाच नावे आढळतील. प्रथम चंद्रपूर-गडचिरोली ग्रामीण बँक. मग भंडाऱ्याच्या बँकेशी मिळून वैनगंगा क्षेत्रीय ग्रामीण बँक. मग सोलापूर आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग येथील बँकांशी मिळून वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये विदर्भ क्षेत्रीय ग्रामीण बँकेशी मिळून विदर्भ कोकण ग्रामीण बँक, आणि आता ही पाचवी. वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला मिळते, तिची प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी ती गोदावरीत जाते. कृष्णेशी तिची गाठ निसर्गाने कोठेच घालून दिलेली नाही. ती एका बँकेच्या नामफलकावर पडली, हा अर्थखात्याचा भूगोल म्हणावयाचा. नावे बदलली त्याबरोबर मुख्यालयही सरकत गेले. चंद्रपूरहून सोलापूर, सोलापूरहून नागपूर, नागपूरहून छत्रपती संभाजीनगर. गडचिरोलीहून हे शेवटचे ठिकाण सहाशे किलोमीटरहून दूर आहे.

खातेदाराच्या दृष्टीने पाटी बदलली तरी खाते तेच राहते. परंतु काउंटरच्या पलीकडे बसलेल्या माणसाचे काय होते, ह्याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. माझ्या वर्गातून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी आज ग्रामीण बँकांत कार्यालय सहायक आहेत, काही श्रेणी एकचे अधिकारी झाले आहेत. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट ध्यानात येते. पगार कमी होईल अशी भीती त्यांच्यापैकी कोणालाही नाही. त्यांना पडलेले प्रश्न दोनच आहेत: नव्या यादीत माझा क्रमांक कितवा, आणि माझी बदली कोठवर होऊ शकते? हे दोन प्रश्न क्षुल्लक आहेत, नोकरदारांच्या नेहमीच्या कुरकुरीपैकी आहेत, असे मानण्याकडे अर्थशास्त्रज्ञांचा आणि प्रशासकांचा कल असतो. माझ्या मते ह्या दोन प्रश्नांची उत्तरे विलीनीकरणाच्या आधी लेखी न दिल्यामुळेच आजवरची बहुतेक विलीनीकरणे कागदावर एका दिवसात आणि कचेरीत दहा वर्षांत झाली.

प्रथम दुसऱ्या बाजूस न्याय दिला पाहिजे. ग्रामीण बँकांच्या एकत्रीकरणाचा युक्तिवाद पोकळ नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी पहिल्या पाच ग्रामीण बँका निघाल्या तेव्हा कल्पना अशी होती की, सहकारी संस्थेला गावाची जी ओळख असते ती आणि व्यापारी बँकेची जी शिस्त असते ती ह्या दोहोंचा मेळ एका स्वस्त, स्थानिक संस्थेत घालावा. भांडवलात केंद्राचा वाटा ५० टक्के, राज्याचा १५ आणि प्रवर्तक बँकेचा ३५. एकदोन जिल्ह्यांपुरती बँक ही कल्पना गोड होती. परंतु एकदोन जिल्ह्यांपुरत्या बँकेचा धोकाही त्याच एकदोन जिल्ह्यांत साठलेला असतो. धानाचे पीक एका हंगामात गेले की साऱ्या बँकेची वसुली गेली. त्यातच कर्जमाफीच्या घोषणा. २००८ साली केंद्राची, २०१७ आणि २०१९ साली राज्याची. कर्जमाफीचे गुणावगुण काहीही असोत, ती जाहीर होण्याची नुसती चाहूल लागली तरी वसुली थांबते आणि लहान बँकेचा श्वास कोंडतो, हे शाखेत बसणारा कोणीही सांगेल. शिवाय संगणकप्रणाली, तिची सुरक्षितता, गुंतवणूक विभाग, कायदा विभाग ह्यांचा खर्च बँक लहान असो वा मोठी, बराचसा सारखाच येतो. तो शंभर शाखांवर पसरण्याऐवजी हजार शाखांवर पसरला तर दर शाखेमागे कमी होतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही समजते.

आणखी एक गोष्ट. ग्रामीण बँकांतील कर्मचारी विलीनीकरणाच्या तत्त्वाला विरोध करीत आले आहेत असा जो समज आहे तो चुकीचा होय. ऑल इंडिया रिजनल रूरल बँक एम्प्लॉईज असोसिएशन ही त्यांची मोठी संघटना कित्येक वर्षे सर्व ग्रामीण बँकांची मिळून एकच राष्ट्रीय ग्रामीण बँक करा अशी मागणी करीत आली आहे. कारण उघड आहे. ग्रामीण बँकेचा कर्मचारी प्रवर्तक बँकेच्या कर्मचाऱ्याच्या बरोबरीचा आहे, हे मान्य करून घेण्यासाठी त्याला न्यायमूर्ती ओबुल रेड्डी ह्यांच्या राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले. तो निवाडा १९९० साली आला. पेन्शनच्या समानतेसाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि २०१८ साल उजाडले. लहान लहान बँकांत विखुरलेल्या माणसास सौदा करण्याची शक्ती नसते. तेव्हा मोठी बँक त्यालाही हवीच आहे. ती कोणत्या अटींवर व्हावी, एवढेच त्याला विचारले जावे असे वाटते.

आणि नेमके तेवढेच विचारण्याची तरतूद कायद्यात नाही. प्रादेशिक ग्रामीण बँका कायदा १९७६ चा. त्यात पुढे दुरुस्तीने घातलेले २३-अ हे कलम एकत्रीकरणासंबंधीचे आहे. केंद्र सरकारने राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक, म्हणजे नाबार्ड, संबंधित राज्य सरकार आणि प्रवर्तक बँक ह्यांच्याशी विचारविनिमय करावा आणि मग राजपत्रात अधिसूचना काढावी, असे हे कलम सांगते. विचारविनिमय करावयाच्या ह्या तीन नावांत कर्मचाऱ्यांचे नाव नाही. राष्ट्रीयीकृत बँकांच्या कायद्यात संचालक मंडळावर कामगारांचा एक आणि अधिकाऱ्यांचा एक प्रतिनिधी असावा अशी निदान तरतूद तरी आहे (ह्या जागा बरीच वर्षे रिकाम्या ठेवण्यात आल्या, ही गोष्ट वेगळी). ग्रामीण बँकेच्या संचालक मंडळात तीही नाही. अर्थात तेच कलम एक आश्वासन देते: कर्मचाऱ्याची सेवा अखंड राहील, वेतन तेच राहील आणि सेवेच्या अटीशर्ती त्याच राहतील. वरवर पाहता ह्यापेक्षा अधिक काय हवे?

येथे वाचकांतील शिक्षकबंधूंना अधिक सांगावयास नकोच. सेवाज्येष्ठता यादी हे प्रकरण काय असते, हे त्यांना ठाऊक आहे. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाचे दुसऱ्या शाळेत 'समायोजन' होते तेव्हा त्याचा पगार शाबूत असतो. पण त्या शाळेच्या यादीत त्याला कोठे बसवावयाचे, ह्यावरून शिक्षककक्षात जी शीतयुद्धे चालतात त्यांत निवृत्तीपर्यंतचा काळ निघून जातो. मी पूर्वी ज्या एका संस्थेत होतो तेथे दोन कनिष्ठ महाविद्यालये एक करण्यात आली. दोन्हीकडील सेवकांची एकत्रित यादी 'यथावकाश' लावली जाईल असे सांगण्यात आले. ते यथावकाश तीन वर्षांनी उगवले. मधल्या काळात पर्यवेक्षकाचे पद रिकामे झाले, ते 'तात्पुरते' भरण्यात आले, आणि यादी अखेर लागली तेव्हा तात्पुरत्या पर्यवेक्षकास खाली उतरविणे कोणासच शक्य झाले नाही. ज्या गृहस्थांचा क्रमांक खरोखर वर होता ते पुढे कोणाशी भांडले नाहीत. त्यांनी फक्त महाविद्यालयाच्या कामात मन घालण्याचे सोडून दिले. ह्या नुकसानीची नोंद कोणत्या ताळेबंदात करावयाची?

ज्येष्ठतेचा हा पेच नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात कोणाचा दुष्टपणा नसतानाही अन्याय होतो. कल्पना करा, क आणि ख अशा दोन बँका आहेत. क बँकेचा शाखाविस्तार वेगाने झाला, त्यामुळे तेथील माणूस सहाव्या वर्षी वरच्या श्रेणीत गेला. ख बँक डोंगराळ, विरळ वस्तीची. तिच्या शाखा वाढल्या नाहीत आणि तितक्याच योग्यतेच्या माणसास वर जाण्यास अकरा वर्षे लागली. दोन्ही बँका एक झाल्या. आता वरच्या श्रेणीतील नेमणुकीची तारीख धरली तर ख बँकेतील वीस वर्षे नोकरी झालेला माणूस क बँकेतील सोळा वर्षे झालेल्याच्या खाली जातो. उलट मूळ नोकरीत लागल्याची तारीख धरली तर क बँकेत रीतसर परीक्षा देऊन आधी वर गेलेला माणूस म्हणतो की, माझी मिळवलेली जागा माझ्याकडून काढून घेतली. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. तिसरा मार्ग म्हणजे दोन्ही याद्यांतून ठराविक प्रमाणात आळीपाळीने नावे घेणे; त्यात दोघेही थोडे नाराज होतात आणि बहुधा म्हणूनच तो थोडासा न्याय्य असतो. कोणताही नियम निवडा, परंतु तो कोणाचे नाव कोठे पडेल हे कळण्याच्या आधी निवडावा लागतो. एकदा नावे दिसू लागली की प्रत्येक नियमाला चेहरा चिकटतो आणि मग तो नियम राहत नाही, पक्ष होतो.

आमच्या ह्या जिल्ह्यांना ह्याचा एक जुना अनुभव आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे, त्यांत तेव्हाचा चांदा जिल्हा, मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. त्यांच्याबरोबर शासकीय नोकरांचा मोठा ताफा आला. नागपूरच्या सचिवालयात उभी हयात घालविण्याच्या तयारीने राहिलेली माणसे मुंबईच्या यादीत दाखल झाली. मराठवाड्यातून हैदराबाद संस्थानची परंपरा असलेले नोकर आले, ते आणखी वेगळ्या नियमांतून. त्या वेळच्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमात एक शहाणपणाची गोष्ट होती. केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून सेवेच्या अटी नोकराच्या अहिताच्या दिशेने बदलता येणार नाहीत एवढे म्हणून ते थांबले नाही. सर्व संबंधितांस न्याय्य वागणूक मिळावी आणि त्यांच्या तक्रार-अर्जांचा योग्य विचार व्हावा ह्यासाठी सल्लागार समित्या नेमण्याची व्यवस्थाही त्याने करून ठेवली. इतके असूनही खटले चालले, आणि त्यांतून न्यायालयांनी जे तत्त्व प्रस्थापित केले ते आजच्या बँक कर्मचाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे: बढतीसाठी आपला विचार व्हावा हा नोकराचा हक्क आहे, परंतु बढतीची शक्यता ही सेवेची अट नव्हे. म्हणजे विलीनीकरणामुळे तुमची बढती पाच वर्षे लांबली तरी 'अटीशर्ती त्याच राहतील' हे आश्वासन मोडले असे कायदा मानत नाही. २३-अ कलमाच्या आश्वासनाची ही खरी लांबीरुंदी आहे. १९५६ च्या कायद्याने ओळखलेला धोका त्यानंतरच्या बँक कायद्याने का ओळखू नये, हे मला उलगडलेले नाही.

आकाशातले उदाहरण

ही कहाणी बँकांपुरतीच आहे असे नाही. आपल्या दोन जिल्ह्यांचा विमानाशी संबंध तसा रानावरून जाणाऱ्या पांढऱ्या रेघेइतकाच. मोरव्याच्या धावपट्टीवर उतरणारे विमान बहुधा एखाद्या मंत्रिमहोदयांचे असते. तरीही ज्येष्ठतेचा प्रश्न मागे ठेवून विलीनीकरण केले तर काय होते, हे पाहावयाचे तर एअर इंडियाच्या इतिहासाइतका बोलका धडा दुसरा नाही.

१९५३ साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा परदेशी उड्डाणांसाठी एक आणि देशांतर्गत उड्डाणांसाठी एक अशी दोन महामंडळे निघाली. अर्धशतकाहून अधिक काळ त्यांचे संसार वेगळे राहिले. वेतनाची घडण वेगळी, भत्त्यांचे हिशोब वेगळे, बढतीचा वेग वेगळा, संघटनाही वेगळ्या. २००७ साली सरकारने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स ह्यांची एक कंपनी केली. विमाने एका ताळेबंदात आली, कर्जेही आली. माणसे मात्र दोन रांगांत उभी राहिली. कोणत्या रांगेतील सहवैमानिक आधी कप्तान होणार? तासागणिक मिळणारा भत्ता कोणाच्या नियमाने द्यावयाचा? ह्या प्रश्नांची उत्तरे चार वर्षे मिळाली नाहीत. एप्रिल २०११ अखेरीस पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनाच्या समानतेसाठी संप केला, तो दहा दिवस चालला. त्यानंतर सरकारने न्यायमूर्ती धर्माधिकारी ह्यांची समिती नेमली. तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. कंपन्या एक झाल्या २००७ साली, आणि त्यांतील माणसे एक कशी करावीत हे ठरविण्यास समिती बसली २०११ साली! त्याच वर्षी, म्हणजे २०१२ च्या मे महिन्यात, पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी उलट बाजूने संप पुकारला. नव्या बोइंग ७८७ विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या रांगेतील वैमानिकांस दिले तर आपली बढती मागे पडेल, अशी त्यांची तक्रार होती. हा संप ५८ दिवस चालला आणि शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले. त्या संपांनी प्रवाशांचे हाल झाले हे खरेच, आणि वैमानिकांचे पगार पाहता सामान्य माणसास त्यांच्याविषयी फारशी कणव वाटली नाही हेही खरे. परंतु पगार लाखांत असो की हजारांत, रांगेत मागे ढकलले जाण्याचे दुःख एकाच जातीचे असते.

जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली. आता खासगी व्यवस्थापन आले, तेव्हा असली दुखणी संपली असे कोणी म्हणू लागेल. तसे झाले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली. त्याआधी एप्रिलमध्ये विस्ताराच्या वैमानिकांना नवे वेतनकरार देण्यात आले. पूर्वी ७० तासांच्या उड्डाणाचा पगार ठरलेला असे, तो ४० तासांवर आणला गेला. वैमानिक मोठ्या संख्येने रजेवर गेले आणि विमाने रद्द झाली. पुढच्याच महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमानसेवक एका रात्रीत आजारी पडले. तेथेही दुसऱ्या एका कंपनीशी विलीनीकरण चालू होते आणि माणसामाणसांत भेद होतो अशी तक्रार होती. पंचवीसच्या आसपास जणांना काढून टाकल्याची पत्रे गेली. अखेर केंद्रीय श्रम आयुक्तांच्या कचेरीत उभय पक्ष समोरासमोर बसले तेव्हा ती पत्रे मागे घेतली गेली. दोन दिवसांत जे बोलणे झाले ते आधी दोन महिने का होऊ शकले नाही? मालक सरकारी असो वा खासगी, विलीनीकरणाच्या वेळी तो सल्लागार नेमतो, वकील नेमतो, नव्या रंगाची पाटी रंगविणारा नेमतो. कर्मचाऱ्यांशी बोलण्याचे मात्र त्याला सर्वांत शेवटी सुचते.

बदली आणि जंगल

वैमानिकाच्या आणि आपल्या ग्रामीण बँकेतील कर्मचाऱ्याच्या स्थितीत एक मोठा फरक आहे, तो ठिकाणाचा. वैमानिक आज दिल्लीत, उद्या मुंबईत, विमान तेच. सिरोंच्याची शाखा आणि सावंतवाडीची शाखा ह्या मात्र एकाच संगणकप्रणालीवर चालत असल्या तरी एक नव्हेत. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे सत्तर टक्के भाग वनाच्छादित आहे. जिल्ह्याच्या ठिकाणाहून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर. सिरोंच्यात तेलुगू चालते, भामरागड-एटापल्लीकडे माडिया आणि गोंडी, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, आणि चामोर्शी-मुलचेऱ्याच्या निर्वासित वसाहतींत बंगाली. काउंटरवरील लिपिकाला ह्यांपैकी एखादी भाषा येते की नाही, ह्यावर म्हातारीचे निराधार योजनेचे पैसे आज मिळणार की उद्या, हे ठरते. उन्हाळ्यात मोहफुलाचा आणि मग तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर कित्येक ग्रामसभा आपला तेंदू आणि बांबू स्वतः विकतात; लेखा-मेंढ्याची ग्रामसभा त्यांतील आद्य म्हणून देशाला ठाऊक आहे. ग्रामसभेचे खाते हा बँकेच्या छापील नमुन्यात सहज न बसणारा प्रकार आहे. ती कंपनी नाही, सहकारी संस्था नाही, ग्रामपंचायतही नाही. ते खाते चालविताना ठरावाचे कागद वाचून समजणारा, दोन हंगाम पाहिलेला अधिकारी असला तर काम अर्ध्या तासाचे असते; नवखा असला तर तो प्रामाणिकपणे मुख्यालयास पत्र लिहितो आणि मुख्यालय सहाशे किलोमीटरवर आहे.

तेव्हा बदलीचा प्रश्न केवळ कर्मचाऱ्याच्या सोयीचा नाही. बँक जितकी मोठी तितके बदलीचे क्षेत्र मोठे. पूर्वी जास्तीत जास्त ब्रह्मपुरीचा माणूस अहेरीला जात असे. आता राज्याच्या दुसऱ्या टोकापर्यंतचा नकाशा उघडला आहे. ज्याला आईवडिलांचे आजारपण आहे, जिची नोकरी करणारी जोडी दुसऱ्या गावी आहे, तो वा ती बढती नाकारते. बढती नाकारणाऱ्यांत दूरच्या जिल्ह्यांतील माणसे आणि विशेषतः स्त्रिया अधिक असणार, हे सांगण्यास पाहणीची गरज नाही. म्हणजे पाच-दहा वर्षांनी नव्या बँकेच्या वरच्या फळीत ह्या जंगलाची भाषा जाणणारे जवळजवळ कोणीच नसेल. दुसऱ्या बाजूने बाहेरून येथे येणाऱ्यास गडचिरोलीची नेमणूक ही शिक्षा वाटते, आणि शिक्षा भोगणारा मनुष्य आल्या दिवसापासून सुटकेची तारीख मोजीत असतो.

ठिकाणालाही किंमत असते ही गोष्ट राज्य शासनाने केव्हाच मान्य केली आहे. आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रांत काम करणाऱ्यांस एकस्तर वरची वेतनश्रेणी देण्याचा २००२ सालचा शासननिर्णय आमच्या शिक्षककक्षांत तोंडपाठ असतो. बँकेच्या व्यवस्थेने हे तत्त्व घेतले तर फारसे बिघडणार नाही. ह्या दोन जिल्ह्यांत स्वेच्छेने राहणाऱ्या, येथील एखादी बोली शिकणाऱ्या अधिकाऱ्यास भत्ता द्यावा, तीन-चार वर्षांच्या अशा सेवेस बढतीच्या वेळी गुण द्यावेत, आणि मुदत संपताच मागितलेल्या ठिकाणी बदली द्यावी. हा खर्च मोठा नाही. एकत्रीकरणाने जो खर्च वाचणार असे सांगितले जाते, त्यातला एक लहानसा तुकडा ज्यांच्या गैरसोयीवर ही बचत उभी आहे त्यांच्याकडे परतावा, इतकेच.

आतापर्यंत यादीतल्यांविषयी लिहिले. शाखेत आणखीही माणसे असतात, जी कोणत्याच यादीत नसतात. सकाळी कुलूप उघडणारा, झाडणारा, रोखपेटी उचलू लागणारा, डाकघरात जाऊन येणारा रोजंदारीवरचा मनुष्य. आणि गावोगाव यंत्र घेऊन अंगठा लावून पैसे देणारे बँकमित्र, ज्यांना कमिशनवर राबवून घेतले जाते. २३-अ कलमाचे आश्वासन 'कर्मचाऱ्यां'साठी आहे. ह्यांना त्या शब्दात कोणी धरीत नाही. पाटी बदलली की ह्यांची वर्षे पुन्हा शून्यापासून मोजली जातात, आणि त्यांना विचारले तर ते हसून सांगतात की, साहेब, आम्हांला काय, आमची पाटीच नाही.

चंद्रपुरास विलीनीकरण अगदी परके नाही. मूल मार्गावरील महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट हा कारखाना २०११ साली स्टील अथॉरिटीत विलीन झाला. तेथील कामगारास निदान एवढे समाधान होते की भट्टी जागची हलली नाही. बँकेत भट्टी नसते; माणूस हाच तिचा कारखाना, आणि तो उचलून कोठेही ठेवता येतो असे मानले जाते. २०११ सालीच नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीस आले. विद्यापीठ जवळ यावे लागते, कारण शंभर मैलांवरून ह्या प्रदेशाचा कारभार चालत नाही, असे तेव्हा सरकारनेच सांगितले होते. तोच न्याय बँकेला का लागू नये?

झालेले एकत्रीकरण आता मोडणार नाही, आणि मोडावे असे माझे म्हणणेही नाही. परंतु पुढची बढतीची फेरी निघण्यापूर्वी नव्या बँकेने एकत्रित ज्येष्ठता कोणत्या नियमाने लावली तो नियम, कारणांसह, मराठीत, प्रत्येक शाखेत लावावा. हरकती घेण्यास साठ दिवस द्यावेत आणि त्या ऐकणारा मनुष्य बँकेच्या बाहेरचा असावा. निवृत्त जिल्हा न्यायाधीश असला तर उत्तम. बदलीचे क्षेत्र विभागांत वाटून द्यावे आणि विभागाबाहेर नेण्यास कारण लेखी द्यावे. चंद्रपूर व गडचिरोलीसाठी निर्णयाचा पुरेसा अधिकार असलेले प्रादेशिक कार्यालय येथेच राहील, आणि ग्रामसभेच्या खात्याचा निकाल तेथेच लागेल, असे संचालक मंडळाने ठरावाने सांगावे. कर्मचारी संघटनांनीही एक पथ्य पाळावे. दोन जुन्या बँकांच्या दोन संघटना वेगवेगळ्या दारांनी व्यवस्थापकांकडे जाऊ लागल्या तर एअर इंडियात जे घडले तेच येथे घडेल; ज्येष्ठतेच्या नियमावर आधी त्यांनी आपापसांत एक व्हावे, मग टेबलाशी बसावे.

ह्या बँकेत राज्य सरकारचे १५ टक्के भांडवल आहे आणि कायद्याने संचालक मंडळावर त्याचे दोन प्रतिनिधी असतात. हे दोन प्रतिनिधी ह्या प्रश्नावर मंडळात काय बोलले, हे आमच्या दोन जिल्ह्यांतील आमदारांनी नागपूरच्या येत्या अधिवेशनात विचारावयास हरकत नाही. त्यासाठी मुंबईला जाण्याचीही गरज नाही.